फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून

आमच्या बाकावर आजवर कितीतरी जणांना फाशी झाली आहे. म्हसरूळच्या बागेत सकाळचं फिरणं झालं की आम्ही चार-पाच निवृत्त माणसं त्या बाकावर बसतो आणि पेपरात आलेल्या अपघातांचे निकाल लावतो. दारू पिऊन गाडी चालवली, फाशी. झोपलेल्या माणसांवर गाडी घातली, भर चौकात फाशी. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक स्वभावाने मवाळ आहेत, ते जन्मठेपेवर भागवतात. आमच्याकडे तारखा नाहीत, अपील नाही, चहा यायच्या आत निकाल लागतो. सगळ्यांत कडक न्यायाधीश मी. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बायको म्हणते. पण बायका बाकावर नसतात, त्यामुळे निकालात फरक पडत नाही.

माझी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कचेरीतली. तीस वर्षं कागद तपासले. न वाचता सही करायची नाही, हा माझा नियम होता आणि तो मी हाताखालच्या माणसांना दिवसातून दोनदा ऐकवत असे. निवृत्त झाल्यावर दिंडोरी रोडला छोटं घर घेतलं, अगदी रस्त्याला लागून. दारात उभं राहिलं की दिंडोरीकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या कुंपणाला घासून जातात आणि नाशिकमध्ये येणाऱ्या पलीकडच्या बाजूने. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळं या अलीकडे-पलीकडेवरच अडलं.

चार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, मी झाडांना पाणी घालत होतो. मोठा आवाज झाला. मी पाहिलं नाही, ऐकलं. फाटक उघडून धावलो तर एक मोटारसायकल पलीकडच्या बाजूला आडवी पडली होती, शेजारी एक माणूस, आणि रस्ताभर झेंडू. त्याच्या मागच्या दोन्ही क्रेटमधली फुलं उधळली होती. एक मोठी पांढरी गाडी बरीच पुढे जाऊन थांबली होती, आपल्या बाजूला, कडेला, इंडिकेटर लावून. दिंडोरीकडे एक ट्रॅक्टर जाताना दिसत होता, त्याच्या पुढे जायच्या घाईत गाडीवाला पलीकडच्या बाजूला शिरला होता हे उघड होतं. ट्रॅक्टरच्या मागे द्राक्षाला औषध मारायचा ब्लोअर होता, त्याच्या आवाजात ट्रॅक्टरवाल्याला काही कळलं की नाही कोण जाणे, तो गेला तो गेलाच. म्हणजे पाहणारा कुणी उरला नाही, ऐकणारे मात्र सगळी गल्ली.

त्या माणसाला आम्ही रिक्षात घालून पाठवलं. तेव्हा तो जिवंत होता, पाणी मागत होता. मी आणि आमच्या शेजारचा पिठाच्या गिरणीवाला मागे राहिलो. आता माणूस मागे राहिला की त्याला काहीतरी करावंसं वाटतं. रस्ता तुंबला होता, हॉर्न वाजत होते आणि गाड्या फुलांवरून जात होत्या. दसऱ्याची फुलं, देवाला जायची, आणि लोक चाकाखाली घेतायत! मला ते बघवेना. लहानपणापासून आईने शिकवलेलं, फूल पायदळी येऊ द्यायचं नाही. मी गिरणीवाल्याला म्हटलं, "धर रे." आम्ही दोघांनी मोटारसायकल ओढली. पलीकडच्या कडेला ड्रेनेजसाठी चर खणलेला होता, तिकडे ठेवायला जागाच नव्हती. म्हणून रस्ता ओलांडून अलीकडे आणली आणि माझ्या कुंपणाशी ठेवली. मग फुलं भरली. जी भरता आली नाहीत ती खराट्याने लोटत अलीकडे आणली. काचाही झाडल्या. रक्त होतं तिथे दोन बादल्या पाणी ओतलं. लोकांनी मोबाइल काढले ते त्यानंतर, रस्ता स्वच्छ झाल्यावर. येणारे-जाणारे म्हणाले, "काका, चांगलं काम केलंत." मलाही ते पटलं होतं.

तासाभराने पोलीस आले. हवालदार सज्जन माणूस होता, रात्रभर बंदोबस्त करून आलेला. त्याने टेपने अंतरं मोजली, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. मी त्याला चहा दिला. बिस्किटं दिली. "काका, पंच म्हणून सही करता का? लोक टाळतात हो." मी म्हटलं, "टाळायचं काय त्यात? नागरिकाचं कर्तव्य आहे." गिरणीवाला घरात सटकत होता, त्यालाही मीच हाताला धरून आणला. हवालदाराचं अक्षर सुरेख होतं, शिरोरेघा ओढलेलं. मी अक्षराचं कौतुक केलं आणि सही केली. वाचलं नाही. हात मातीने आणि पाकळ्यांच्या रंगाने बरबटले होते, ते धुवायची घाई होती.

दुपारी कळलं, माणूस गेला. चाळिशीचाही नव्हता. आमच्यापासून थोड्याच अंतरावरच्या गावात त्यांचा फुलांचा मळा, घरी बायको, दोन मुली आणि म्हातारे वडील. कुंपणाशी भरून ठेवलेल्या क्रेटकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या दोन-तीन दारांवरची तोरणं जरा जास्तच भरगच्च होती. मी कुणाला काही विचारलं नाही.

दशक्रियेला मी गेलो. आमच्याकडे दशक्रिया म्हणजे नदीकाठी मंडप, खुर्च्या, प्रवचन आणि मग माइक. ज्याच्या हाती माइक येईल त्याने श्रद्धांजली वाहायची, आणि माइक सोसायटीच्या चेअरमनपासून निवडणुकीला उभं राहायची इच्छा असलेल्या प्रत्येकापर्यंत जातो. त्या दिवशी तर गाडीवाल्याचे चुलतेही आले होते. द्राक्षाचे मोठे बागायतदार, तालुक्यात मान असलेला माणूस. त्यांनीही श्रद्धांजली वाहिली. म्हणाले, "जन्म-मृत्यू कोणाच्या हातात नाही. देवाला चांगली माणसं लवकर लागतात." त्यांचा पुतण्या शेवटच्या रांगेत डोकं खाली घालून बसला होता. चाळिशीचा, साधा दिसणारा, द्राक्षाच्या निर्यातीचं काम बघणारा. दारू प्यायला नव्हता, गुंड नव्हता. त्याला फक्त उशीर झाला होता.

देवावर ढकललेलं ऐकून माझं डोकं फिरलं. मी माइक मागून घेतला. म्हणालो, "देवाचं नाव घेऊ नका. हा अपघात नाही, खून आहे. कायदा बोथट आहे, पण मी या घटनेचा पंच आहे. या माउलीला न्याय मिळेपर्यंत मी कोर्टाची पायरी सोडणार नाही." दशक्रियेत टाळ्या वाजवत नाहीत, पण दोन-तीन जणांचे हात वर आलेले मी पाहिले. ती बाई, त्याची बायको, बायकांच्या घोळक्यात खाली मान घालून बसली होती. तिने त्या वेळी पहिल्यांदा वर पाहिलं. मला अतिशय बरं वाटलं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी सोडणार नाही म्हणून बसलो होतो आणि पायरी काही मला बोलवेना. जवळजवळ चार वर्षं गेली. दरम्यान बाकावर फाशी चालूच होती. अधूनमधून ती बाई रस्त्यात भेटे. नवऱ्याची जागा आता तिने घेतली होती. स्कूटीवर क्रेट बांधून फूलबाजारात जाई. मला पाहिलं की थांबे. "काका, तुमच्यावर भरोसा हाय बघा." मी म्हणे, "अगं, मी आहे ना."

शेवटी समन्स आलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर तीही येऊन बसली होती. गाडीवाला समोर उभा होता. मी दिसताच त्याने शेजारची खुर्ची रुमालाने पुसून पुढे केली. मी ती घेतली नाही, तेवढा बाणा दाखवला.

सरकारी वकीलबाईंच्या हातात फायलींचा ढीग होता. त्यांनी त्यातून पंचनाम्याची प्रत काढून माझ्या हातात दिली. "वाचून घ्या. कागदाच्या बाहेर जाऊ नका. सही माझी, मजकूर बरोबर, बस." त्या निघाल्या तेव्हा मी विचारलं, "किती शिक्षा होईल याला?" त्या म्हणाल्या, "जास्तीत जास्त दोन वर्षं. नुसता दंडही होतो." मी म्हटलं, "माणूस मारला त्याला दोन? आणि चोरी केली तर?" "चोरीला तीन," त्या म्हणाल्या आणि पुढच्या केसला गेल्या. म्हणजे त्याने तो झेंडू चोरला असता तर तीन वर्षं, झेंडूवाला मारला म्हणून दोन. बाकावर सांगायला हा मुद्दा फार छान होता. मी तो मनात घोळवत चष्मा लावला आणि चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या सहीचा कागद वाचला.

सुरेख अक्षरात लिहिलं होतं: मोटारसायकल दिंडोरीकडे जाणाऱ्या बाजूस, कुंपणालगत मिळून आली. फुले, क्रेट व काचांचे तुकडे त्याच बाजूस. समोरच्या बाजूस अपघाताच्या कोणत्याही खुणा दिसून आल्या नाहीत. खाली दोन पंचांच्या सह्या, माझी पहिली.

मी तो कागद दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा. हवालदाराने एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. तो आला तेव्हा सगळं तसंच होतं. मीच तसं मांडून ठेवलं होतं. त्या कागदावरून कुणीही म्हटलं असतं की गाडीवाला आपल्या बाजूने नीट चालला होता आणि हा फुलवाला राँग साइडने त्याच्या अंगावर गेला.

तेवढ्यात शेजारून ती बोलायला लागली. हळू आवाजात, माझ्याकडे न बघता.

"काका, एक सांगू का? त्याला शिक्षा झाली नाय झाली, मला आता काय वाटत नाय. तो जेलात बसून आमच्या घरात काय उजेड पडणारे? पण गावात समदे म्हणतात, ह्यांनीच राँग साइड घातली. सासरे पण तेच धरून बसलेत. आपल्याच पोराची चूक, म्हणून चार वर्षं पोराचं नाव काढत नाय. फोटो उतरवून ठेवलाय. पोरींना विचारायची चोरी. तेवढं कागदावर यावं, की त्यांची चूक नव्हती. लय झालं मग."

मी म्हटलं, "बघू." तीस वर्षं कचेरीत मी हाच शब्द वापरला होता.

गिरणीवाल्याचा पुकारा आधी झाला. तो दोन मिनिटांत बाहेर आला. "काय सांगितलंस?" मी विचारलं. "सही माझी. बाकी आठवत नाय," तो म्हणाला आणि गिरणी उघडायला निघून गेला. त्याने जन्मात कुणाला फाशी दिलेली नाही.

मग मी. शपथ घेतली. सही माझी? हो. मजकूर बरोबर? हो. मग गाडीवाल्याचे वकील उठले. मी तयारी केली होती की हा माणूस मला घेरेल, आवाज चढवेल. तो इतक्या अदबीने बोलला की काय सांगावं.

"काका, मोटारसायकल कुंपणालगत होती हे तुम्ही स्वतः पाहिलं?"

"हो."

"फुलं आणि काचाही त्याच बाजूला होत्या?"

"हो."

"समोरच्या बाजूला काही खुणा नव्हत्या?"

"नव्हत्या."

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. मी शपथ अक्षरशः पाळली. खुणा नव्हत्या, कारण मी चांगला झाडतो. तोंडावर आलं होतं, की साहेब, गाडी मी ओढली, फुलं मी आणली, रक्त मी धुतलं. पण पुरावा नष्ट करण्यालाही कलम असतं, एवढं पेपर वाचून मला ठाऊक होतं. या वयात आरोपी व्हायचं? पेन्शन बंद होते का, हा विचार आधी आला, मेलेल्या माणसाचा नंतर. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. न्यायाधीशांनी वर पाहून विचारलं, "आणखी काही सांगायचंय?" मागच्या बाकावर ती बसली होती, तिची नजर मला पाठीवर कळत होती. मी म्हटलं, "नाही."

बाहेर आल्यावर गाडीवाला वाकला आणि माझ्या पाया पडला. "तुमचे उपकार विसरणार नाही, काका." अपघात कुठल्या बाजूला झाला हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. पाय मागे घ्यायचं मला सुचलं नाही.

चार महिन्यांनी निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन निर्दोष. निकालपत्रात ओळ होती, की पंचनाम्यावरून मयताची मोटारसायकल चुकीच्या बाजूस असल्याचे दिसून येते. कागदावर यावं असं तिला वाटत होतं. आलं.

बाकावर मोठा उद्रेक झाला. मवाळ मुख्याध्यापकसुद्धा त्या दिवशी फाशीपर्यंत आले. एकाने सांगितलं, आता नवीन कायद्यात पाच वर्षं केली आहेत. दुसरा म्हणाला, पाचाने काय होतंय, वीस करा. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा निकाल यायचा राहिला होता. मी मनात म्हणत होतो, वीस करा, पन्नास करा. कलम दिल्लीत लिहितील, पंचनाम्यावर सही करायला मीच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे आम्ही नेहमी कोर्टाला उद्देशून म्हणतो. इथे मेलेल्या संन्याशाला दोषी ठरवायचं काम एका निवृत्त कारकुनाने खराट्याने केलं होतं. चहा तसाच टाकून मी उठलो.

आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. बायकोला सांगितलं. ती पोळी लाटत होती, थांबली. म्हणाली, "मला काय सांगताय? तिला सांगा." नवव्या दिवशी स्कूटर काढून मी त्यांच्या मळ्यावर गेलो.

झेंडूची तोडणी चालू होती. ती शेडमध्ये फुलांच्या ढिगाशी बसून निवडत होती. सासरे थोड्या अंतरावर खुर्चीत, पाठमोरे. तिने मला पाहून गोणपाट झटकून दिलं. "बसा काका. तुम्ही तरी शेवटपर्यंत आला," ती म्हणाली. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: गाडी कुठे पडली होती, आम्ही कुठे ओढली, फुलं, खराटा, बादल्या, न वाचता केलेली सही. आणि कोर्टात मला विचारलं होतं तेव्हा मी नाही म्हणालो, तेही.

ती रडेल किंवा शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. दोन्हीसाठी मी मनाची तयारी करून आलो होतो. तिने हातातलं फूल ढिगात टाकलं आणि विचारलं, "म्हणजे हे पलीकडच्या बाजूलाच होते? आपल्या बाजूला?"

"हो. अगदी कडेला."

"नक्की?"

"मी स्वतः उचललंय त्याला तिथून."

ती उठली. पदराला हात पुसत सासऱ्यांकडे गेली, त्यांची खुर्ची धरून माझ्याकडे वळवली आणि त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "आबा, काका काय सांगतेत ऐका! काका, परत सांगा. मोठ्यानं सांगा, त्यांना ऐकू येत नाय."

मी परत सांगितलं. झेंडू तोडणाऱ्या बायका थांबून बघायला लागल्या इतक्या मोठ्याने सांगितलं. तुमच्या मुलाची चूक नव्हती. तो त्याच्या बाजूने चालला होता. मोटारसायकल मी अलीकडे आणली.

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने मला विचारलं, "मग हे कोर्टात का नाय सांगितलं?"

मी बोललो असेन आणि आपल्यालाच ऐकू आलं नसेल, असं वाटून त्याने कानामागे हात धरला, खुर्चीतून पुढे वाकला आणि म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला, साहेब."